दोन्ही पाय हवेत, तरी पंच गप्प? (बेलारूसच्या रेसवॉकर्सच्या रील्स)

शेवटची_फेरी
बेलारूसच्या महिला रेसवॉकर्सच्या (वेगाने चालण्याच्या) शर्यती स्लो मोशनमध्ये फिरतायत. लाइक्स चिक्कार, आणि खाली ठरलेली कमेंट: "ही चालतेय कुठे, पळतेय!" फ्रेम थांबवली की दोन्ही पाय खरंच अधांतरी दिसतात. पंचांना हे दिसत नाही का? आणि सगळ्या क्लिपा जुन्याच का?

काटा_किर्र
पायाचा जमिनीशी संपर्क तुटलेला नुसत्या डोळ्यांना दिसला तरच तो दोष, असा नियमच आहे. कॅमेऱ्यात दिसलेलं धरत नाहीत.

हिशेब करा. बेलारूसच्याच रीता तुरावाने 2006 च्या गॉथेनबर्ग युरोपियन स्पर्धेत 20 किमी 1:27:08 मध्ये जिंकलं, म्हणजे किलोमीटरला 4:21. पाऊल 1.1 मीटरचं धरलं तर सेकंदाला जवळपास साडेतीन पावलं. एका पावलाला 0.29 सेकंद. त्यातले 30-40 मिलिसेकंद पाय सुटले तर डोळ्याला पत्ता लागत नाही, पण सेकंदाला 240 फ्रेमच्या व्हिडिओत तेवढ्यात 7 ते 10 फ्रेम पडतात. साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत जेमतेम एक. आणि अॅपने बनवलेलं स्लो मोशन असेल तर मधल्या फ्रेम अॅपच्या मनाच्या, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

गुडघा_सरळ
सगळे हवेतल्या पायापाशीच अडकलेत. पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघा सरळच हवा. दमलेला खेळाडू इथे मार खातो. टाच टेकते ती फ्रेम पकडा, मग कंबर पायावर येते ती. त्यामध्ये गुडघा वाकला तर दोष. त्यानंतर वाकला तर चालतो. बाजूने घेतलेली क्लिपच बघा, समोरून काही कळत नाही.

आणि पंच गप्प नसतात. शंका आली की पिवळी पाटी: नागमोडी रेघ म्हणजे संपर्क, कोन म्हणजे गुडघा. खात्री झाली की लाल कार्ड, पाटी आधी दाखवलेली असो वा नसो. ते खेळाडूच्या तोंडावर दाखवत नाहीत, फलकावर लागतं, म्हणून रीलमध्ये येत नाही. एका पंचाचं एका खेळाडूला एकच लाल. तुरावाच्या काळी तीन पंचांची तीन झाली की थेट बाद. आता पेनल्टी झोन (शिक्षा म्हणून थांबायची जागा) असेल तर तिसऱ्या लालला 20 किमीत तिथे 2 मिनिटं थांबायचं, चौथ्याला घरी.

काटा_किर्र
जुन्या क्लिपांचं कारण साधं आहे. मार्च 2022 मध्ये वर्ल्ड अॅथलेटिक्सने बेलारूसच्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं. पॅरिस 2024 च्या अॅथलेटिक्समध्येही ते नव्हते. नवं फुटेज येणार कुठून?

शेअर करण्याआधी एक बघा. रीताची मोठी बहीण आलेस्या हिनेही गॉथेनबर्गलाच सुवर्ण घेतलं, पण 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत. छातीवर तुरावा नाव आणि समोर पाण्याचा खड्डा असेल, तर ती पळतेच आहे. तिथे पळणंच अपेक्षित असतं.