राख आणि काळी माती एक नव्हे

ज्वालामुखीची राख पडली तर काय करायचं, या चर्चेत वर एकांनी म्हटलंय, "आपली काळी माती ज्वालामुखीचीच, मग राख पडली तर शेताला खतच की!" इथे गल्लत होतेय. सोलापूरची काळी माती राखेची नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा बेसाल्ट खडक झाला, तो झिजून ती बनली. ताजी राख म्हणजे खडक आणि काचेचा चुरा. पाण्यात विरघळत नाही, ओली झाली की सिमेंटच्या गाऱ्यासारखी बसते.

सगळ्यात मोठा धोका छपराला. 10 सेंटिमीटर कोरडी राख चौरस मीटरला साधारण 40 ते 70 किलो भरते, भिजली की 100 ते 200. आपल्याकडच्या जुन्या माळवदावर (सपाट धाब्याच्या छतावर) आधीच मातीचा थर असतो, त्यावर हा भार कल्पून बघा. फिलिपिन्समध्ये जून 1991 ला पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक आणि वादळी पाऊस एकाच दिवशी आले. बरेच बळी छपरं कोसळूनच गेले.

म्हणून राख पावसाआधी काढायची. आधी टाकीला येणारा पन्हाळीचा पाइप सोडवा. मग हलकं पाणी शिंपडून थोडी थोडी खरवडा. नळी लावून धुऊ नका, वजन वाढतं आणि गटारं तुंबतात. एन-95 मास्क हवाच, साधा रुमाल पुरत नाही.

जनावरांचं मात्र कुणीच लिहिलं नाही. आइसलँडमध्ये 1783 च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकात विषारी फ्लोरिन बसलेलं गवत खाऊन निम्म्याहून जास्त गुरंमेंढरं दगावली. म्हणून जनावरांसाठी कडब्याची गंज ताडपत्रीनं झाकणं हे पहिलं काम.