जुनी गाडी भंगारात काढा म्हणणाऱ्यांनो, आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहा

दर्यापूरकर

काल इथं 'नवीचाकं' यांनी लिहिलं की पंधरा वर्षांवरची छोटी गाडी म्हणजे पेट्रोल पिणारं भंगार, ती बाराच्या वर मायलेज देत नाही, तिच्या दुरुस्तीवर पैसा घालणं वेडेपणा आहे, विका आणि हप्त्यावर नवी घ्या. खाली बरेच जण 'अगदी बरोबर' म्हणून गेले. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हप्ता दर महिन्याला येतो, पीक वर्षातून एकदा येतं. आमच्याकडे जुनी ८०० किंवा अल्टो हौसेखातर कोणी ठेवत नाही. पेशंट अमरावतीला न्यायचा असतो, बियाण्याची थैली आणायची असते, लेकीला कॉलेजच्या गावी सोडायचं असतं. त्या माणसाला 'विका' म्हणणं सोपं आहे. त्याची गाडी बारावर का आली, हे कोणीच विचारत नाही.

मी सांगतो. आमचा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं, बोरचं पाणी खारट. गाडी तापली की लोक रेडिएटरमध्ये तेच ओततात. क्षार आत बसतात, नळ्या चोंदतात आणि गाडी आणखी तापायला लागते. मग ती मेकॅनिककडे जाते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, गिऱ्हाईक घाईत. तो थर्मोस्टॅटचा वॉल्व्हच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडपच, काढून फेकतो. "आता तापणार नाही" म्हणतो, आणि खरंच तापत नाही. पण आता इंजिन गरमच होत नाही. थंडीच्या दिवसांत, हायवेला सरळ चालताना टेम्परेचरचा काटा तळाशी पडून राहतो. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. मालक म्हणतो गाडी म्हातारी झाली.

वॉल्व्ह नीट आहे का हे घरी कळतं. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पातेलं गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आधी, ८०-८५ अंशांच्या आसपास, तो डोळ्यांदेखत उघडायला लागतो. उघडला नाही तर बदला. मुळातच उघडा राहिला असेल तरी बदला. रेडिएटर साफ करून कूलंट आणि बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी घाला, बोरचं नको.

दुसरं, ब्रेक. पांदणीतून गाडी आणली की काळी माती रिमच्या आत चिकटून वाळते, आणि ब्रेक दाबल्यावर पूर्ण सुटत नाही. माझ्या मेहुण्याची अल्टो अशीच 'जड' झाली होती. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, ब्रेक फार न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर तुमचं पेट्रोल तिथं जळतंय.

तिसरं, हवा. अकोल्याच्या दुपारी तापलेल्या टायरवर हवा तपासली की काटा जास्त दाखवतो. पंपावरचा पोरगा थोडी काढून देतो. सकाळी टायर थंड झाला की तीच हवा कमी. हवा सकाळी, थंड टायरवर, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे.

आणि मायलेज मोजायचं असेल तर टाकी भरा, चालवा, त्याच पंपावर पुन्हा भरा. पाचशेचं टाकून काट्याकडं बघणं म्हणजे मोजणं नव्हे.

नवीचाकं

दर्यापूरकर भाऊ, तुमची तळमळ कळते, पण मुद्दा सोडून बोलता आहात. माझी अल्टो नवी होती तेव्हा १८ द्यायची. आता १२. थर्मोस्टॅट आहे की नाही मी पाहिलं नाही, पाहणारही नाही, कारण खरं कारण मला माहीत आहे. २०२५ पासून सगळीकडे ई-२० मिळतं. वीस टक्के इथेनॉल घालून ठेवलंय आणि तुम्ही गाडीवाल्याच्या ब्रेकमध्ये दोष शोधता. वरून एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आधी ६०० होते. जुनी गाडी ठेवणाऱ्याला सगळीकडून पिळतात, म्हणून विका म्हणतो. मला काय शोरूमचं कमिशन मिळतं?

वरुडचा संत्रेवाला

नवीचाकं बरोबर बोलले! इथेनॉलवर कोणी का बोलत नाही? ऊस कुणाचा? पश्चिम महाराष्ट्राचा. कारखाने कुणाचे? तिकडचेच. आणि मायलेज कुणाच्या गाडीचं गेलं? आमच्या. विदर्भाचा अनुशेष म्हणतात तो हाच. संत्र्याच्या प्रक्रिया कारखान्यासाठी आम्ही किती वर्षं बोंबलतोय, आणि उसाला मात्र थेट पेट्रोलच्या टाकीत जागा.

दर्यापूरकर

इथेनॉलनं मायलेज घटतं, हे मी नाकारत नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकीत ई-२० मुळे ६-७ टक्के घट येते. नवीचाकं, तुमच्या १८ मधून सात टक्के काढा. पावणेसतरा होतात. बारा होत नाहीत. पावणेसतरा ते बारा हे मधलं पेट्रोल कुठं जातंय, एवढंच मी विचारतोय.

पाना-पकड, यवतमाळ

मी गॅरेजवाला आहे, म्हणून मेकॅनिकवर घसरलात तिथं बोलतो. वॉल्व्ह काढा म्हणून गिऱ्हाईकच हट्ट धरते. दोन-तीन हजारांचं रेडिएटरचं काम सांगितलं की म्हणते, "दादा, सध्या चालू करून द्या, कापूस गेला की करू." तो कापूस कधी जातच नाही. दोष आम्हाला एकट्यांना देऊ नका.

बाकी तुमचं बरोबर आहे. एक भर घालतो. एअर फिल्टर बदलला की मायलेज वाढतं असं सगळे सांगतात. ते कार्बोरेटरच्या गाडीत खरं आहे. इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेल्या फिल्टरनं पिकअप मरतो, मायलेजमध्ये फारसा फरक पडत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनं मोजून हेच काढलं होतं. आमच्या धुळीत फिल्टर बदलायचाच, पण इंजिन वाचवायला. आणि पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या डांबरगोळ्या, यावर एक रुपया घालवू नका. माझ्याकडे असं चुंबक लावलेल्या गाड्या येतात आणि मागचे ब्रेक जाम निघतात.

मकावाली, मोताळा

संत्रेवाले दादा, इथेनॉल म्हणजे फक्त ऊस हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मका होतो. गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, सोयाबीनला भाव नाही, तेव्हा मक्याला मागणी आली ती इथेनॉलमुळेच. माझ्या घरचा यंदाचा किराणा मक्यावर चालला. तुमच्या गाडीचं एक किलोमीटर कमी झालं म्हणून आमचं गिऱ्हाईक बंद करायचं का? विदर्भ म्हणजे फक्त वरुड-मोर्शी नाही.

वरुडचा संत्रेवाला

ताई, तुमच्या मक्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण पूर्ण हिशेब मांडा. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडीच्या आणि जनावरांच्या खाद्यात स्वस्तात जातो. त्यामुळे सोयापेंडीला उठाव नाही. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी जवळपास सगळी पेंडच. पेंड पडली की सोयाबीन पडलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, बाजार समितीत किती मिळाला ते अमरावती-यवतमाळच्या माणसाला विचारा. म्हणजे विदर्भातल्या एका शेतकऱ्याला उभं करायला दुसऱ्याला आडवं पाडलं.

मकावाली, मोताळा

सोयाबीनचा भाव काय इथेनॉलच्या आधी गगनाला भिडला होता? बाहेरचं खाद्यतेल कमी शुल्कात येतं तेव्हाही तो पडतोच. ते सोडून तुम्ही मक्यावर येता. आणि मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव २,४०० आहे, तोही आम्हाला सगळ्यांना मिळत नाही. मीही तुमच्यासारखीच मार खाते. फक्त माझ्याकडं आता एक गिऱ्हाईक जास्त आहे, ते मी सोडणार नाही.

धानपट्टा

आमच्या गोंदियाचं नाव कोणी घेतलं नाही. एफसीआयचा, म्हणजे भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळही इथेनॉलला जातो. तो लोकांनी खायचा होता. यावर बोला.

डेपो रिटायर्ड

मी यष्टीत डायवर होतो. तुमचं मका-सोयाबीन होत राहीन, मी गाडीचं बोलतो. आमाले डेपोत केपीटीएल लागे. म्हंजे धा लिटरमंदी गाडी किती किलोमीटर गेली त्याचा हिशेब. ज्याचं कमी येई त्याले सायेब बलावे. गाडी तेच, रस्ता तोच, तरी एका डायवरचं जास्त अन् दुसऱ्याचं कमी. काऊन? पायामुळं. दूर ब्रेकर दिसला का रेस सोडून द्या. आताचे पोट्टे ब्रेकरपर्यंत रेस देतात अन् मंग कचकन ब्रेक मारतात. जेवढा ब्रेक मारला तेवढं पेट्रोल फुकट गेलं. अन् समृद्धीवर जुनी ८०० शंभर-एकशेदहानं पळवता, मंग म्हनता मायलेज नाई. लहान गाडी पन्नास-साठनं वरच्या गेरमंदी चालवून पाहा. वेग दुप्पट केला तं हवेचा अडथळा चौपट होते. शिवाय जुन्या टायरवर उन्हाळ्यात तिथं जाऊच नका, टायर फुटते.

घाटराजा

काकांशी सहमत, आणि माझा उपाय त्याहून भारी. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना मी चावी बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो. घाट संपेपर्यंत एक थेंब लागत नाही. थर्मोस्टॅट-फिर्मोस्टॅट काही करायची गरज नाही.

डेपो रिटायर्ड

बाबू, तू हे इथं लिहू नको, कोनीतरी वाचून करीन. चावी काढली तं स्टेअरिंग लॉक होते. इंजिन बंद तं ब्रेकचा बूस्टर दोन-चार दाब्यांत संपते, मंग पायानं दगड दाबल्यासारखा ब्रेक लागते. घाटात गाडी गेरमंदी पाह्यजे, मंग इंजिन तिले धरून ठेवते. न्यूट्रलमंदी सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापते अन् धरतच नाई. मी त्या घाटात वळणावरून खाली गेलेली गाडी पाह्यली. आतले लोक मीच वर काढले. पेट्रोलचा हिशेब मले सांगू नको.

घाटराजा

काका, एवढं चिडायचं कारण नाही. मी त्या रस्त्यावर लहानपणापासून गाडी चालवतो.

पाना-पकड, यवतमाळ

चिडायचंच कारण आहे. आणि तुझा हिशेबही चुकीचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गियरमध्ये पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलंस तर ते आयडलवर पेट्रोल पितं. म्हणजे जे फुकट मिळत होतं, त्यासाठी तू जीव पणाला लावतोस.

घाटराजा

माझी ९७ ची कार्बोरेटरवाली आहे, तिच्यात इंजेक्टर कुठून येणार? तरी ठीक आहे, चावी बंद करणार नाही. गियरमध्येच उतरीन. पण त्यात थोडं पेट्रोल जास्त जातं, हे तुम्हीही मान्य करा.

पाना-पकड, यवतमाळ

कार्बोरेटरमध्ये थोडं जातं, मान्य. जाऊ दे. आणि ९७ ची आहे म्हणतोस तर चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायचा खटका, पूर्ण परत जातो का ते बघ. केबल गंजून चोक अर्धा ओढलेला राहतो, मालकाला पत्ता नसतो. सायलेन्सरच्या तोंडाला आतून काळी काजळी दिसली तर तेच समज.

नवीचाकं

दर्यापूरकर, तुमच्या सात टक्क्यांच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. आज सकाळी अमरावतीला जाताना टेम्परेचरचा काटा पाहिला. बडनेऱ्यापर्यंत तळाशीच होता. वॉल्व्ह काढलेला दिसतो. मला कोणी सांगितलंच नव्हतं, बिलातही काही लिहिलेलं नाही. रविवारी बसवून घेतो. पण एवढ्यानं माझं मत बदललं असं समजू नका. ५,००० ची नोंदणी, नंबर प्लेट, इन्शुरन्स हे सगळं जुन्या गाडीच्या मालकानं दिल्यावर त्याला पेट्रोलही असं द्यायचं की जे त्याच्या गाडीसाठी बनलेलंच नाही, हा अन्याय आहेच. शुद्ध पेट्रोलचा एक नोझल पंपावर ठेवायला काय जातं?

दर्यापूरकर

त्या मागणीला माझाही पाठिंबा आहे, सही करायची असेल तिथं करतो. वॉल्व्ह बसवताना गॅस्केट नवीन घ्या, जुनं परत लावलं तर पाणी गळतं. आणि आधी रेडिएटर साफ करा, नाहीतर वॉल्व्ह बसवल्याबरोबर गाडी तापेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

वरुडचा संत्रेवाला

सोयापेंडीच्या मुद्द्याला कोणी धड उत्तर दिलं नाही, नोंद घ्यावी.

मकावाली, मोताळा

दिलं आहे, तुम्हाला पटलं नाही एवढंच. एक विचारायचं राहिलं. आमची ८०० कापूस वेचणीच्या दिवसांत महिना-महिना उभी राहते, नंतर सुरू व्हायला फार त्रास देते. हे या पेट्रोलमुळं का?

पाना-पकड, यवतमाळ

ताई, त्यामुळंही असू शकतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी फार दिवस उभी राहून ते जास्त साचलं तर टाकीच्या तळाशी वेगळं होऊ शकतं. उभी ठेवायच्या आधी टाकी शक्यतो भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, नुसतं अंगणात सुरू करून बंद करू नका. गाडी जुनी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप हातानं दाबून बघा. फुगलेले, चिकट किंवा भेगाळलेले लागले तर आधी ते बदला, मायलेजचं नंतर पाहू.