पोट्ट्यांच्या वहीतलं रॅप

‘रॅप ऐकून पोट्टे बिघडतात, नुसत्या शिव्या शिकतात’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीने ठेवलेल्या पार्टीत डीजे कूल हर्कने तबकड्या लावल्या. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवायची त्याची रीत, रॅप ज्यातलं त्या हिप-हॉपचा जन्म तिथलाच मानतात. पैसा नाही, वाद्यं नाहीत, पण सांगायचं खूप. हे आपल्याला नवीन आहे का? दीक्षाभूमीवर दरवर्षी भीमगीतं ऐकत वाढलेले आपण. वामनदादा कर्डकांची गाणी अक्षरओळख नसलेल्या बायांनाही तोंडपाठ असायची.

माझा भाचा बारावीत आहे. मराठीचा निबंध लिहायचा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. आता नागपूरच्या फुटाळा तलावावर मित्रांसोबत बसतो, एकजण मांडीवर ठेका धरतो आणि हा वही उघडतो. मागच्या रविवारी ‘भाकर’ला यमक शोधत अर्धा तास बसला होता. खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.

बायकांबद्दल घाण लिहिणारी गाणी आहेत, खूप आहेत, आणि मला त्यांची चीड येते. त्याच्याही वहीत तशी एक ओळ सापडली. मी रागावलो नाही. ‘हे तुझ्या मायसमोर म्हणून दाखव,’ एवढंच म्हटलं. तो गप्प झाला. दोन दिवसांनी पाहिलं तर ती ओळ खोडलेली होती आणि तिथे पहाटे साडेचारला नळाची वाट पाहणारी त्याची माय होती.