मदत हवी आहे: टोबरमोरीच्या मुक्कामात ग्रोटोच्या वाहनतळाचे आरक्षण मिळत नाही

हिरवीवाट: ऑगस्टमध्ये टोरांटोहून कॅनडातल्याच टोबरमोरी या गावी तंबूत राहण्यासाठी जात आहोत. तंबूची जागा मिळाली आहे. परंतु तेथील ग्रोटो या किनाऱ्यावरच्या गुहेच्या वाहनतळाच्या सर्व वेळा भरल्या असून, सकाळपासून संकेतस्थळ पाहत असूनही एकही वेळ मोकळी होत नाही. सोबत सासू-सासरे आणि लहान मुले आहेत. ती गुहा आणि ते निळे पाणी त्यांना दाखवायचेच आहे. कृपया आजच मार्ग सुचवावा.

जलविहारी: ग्रोटोचा आग्रह सोडावा. गावातल्या लिटल टब बंदरातून बोटीने फ्लॉवरपॉट बेटावर जावे. काही फेऱ्या बिग टब बंदरावरून जातात. तेथे १८८५ साली बुडालेले ‘स्वीपस्टेक्स’ हे शिडाचे जहाज पाण्याखाली स्वच्छ दिसते. मुले हे दृश्य विसरणार नाहीत.

उत्तरवारा: वारा वाढला की बोटी रद्द होतात, त्यामुळे वृद्धांसह केलेली सहल केवळ त्यावर अवलंबून ठेवू नये. त्यापेक्षा ‘ची-चीमान’ फेरीबोट घ्या. सुमारे दोन तासांत ती मॅनिटूलिन बेटावर पोहोचवते आणि गाडीही सोबत नेता येते.

जलविहारी: त्यांना दुसऱ्या बेटावर मुक्काम हलवायचा नाही, ग्रोटो पाहायचा आहे.

रानवाटा: मुलांना बंद बूट घालावेत. या भागात मॅसासॉगा हा विषारी साप आढळतो. अन्न तंबूत न ठेवता गाडीत ठेवावे, कारण अस्वलांचाही वावर आहे.

सुमेधा_ऑन्टारिओ: मूळ प्रश्नाकडे येऊ. आपली तंबूची जागा नेमकी कोठे आहे, खासगी कॅम्पग्राउंडवर की राष्ट्रीय उद्यानात? सासू-सासऱ्यांना कितपत चालवते?

हिरवीवाट: सायप्रस लेक, पॉपलर्स विभाग. दोघेही रोज फिरायला जातात, मात्र सासऱ्यांना चढ-उतार झेपत नाही.

सुमेधा_ऑन्टारिओ: मग वाहनतळाचे वेगळे आरक्षण लागतच नाही. सायप्रस लेक हे ब्रूस पेनिन्सुला राष्ट्रीय उद्यानातलेच कॅम्पग्राउंड आहे. तेथे मुक्कामी असलेल्यांनी गाडी आपल्या जागेवरच ठेवून पायी जायचे असते. जॉर्जियन बे ट्रेल ही वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. दिवसभरासाठी येणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वी, सकाळी लवकर निघावे. ग्रोटोजवळच्या इंडियन हेड कोव्हच्या गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत सासऱ्यांना सावकाश नेता येईल, पण गुहेत उतरण्यासाठी खडकांवरून हात टेकत जावे लागते, तो भाग त्यांनी टाळावा; वरच्या कड्यावरूनही पाण्याचे रंग उत्तम दिसतात. जॉर्जियन बे या ह्युरॉन सरोवराच्या उपसागराचे पाणी ऑगस्टमध्येही अतिशय गार असते, म्हणून मुलांना पोहण्यासाठी सायप्रस तलावच बरा.

हिरवीवाट: मनःपूर्वक आभार. आरक्षणाच्या पावतीवर याचा उल्लेख मला दिसला नव्हता. उद्यानाच्या कार्यालयात फोन करून खात्री करून घेते आणि वाहनतळाचा शोध थांबवते.

जलविहारी: उत्तम. तरीही वारा नसलेली एक दुपार ‘स्वीपस्टेक्स’साठी राखून ठेवा. काही बोटींचा तळ काचेचा असतो, त्यामुळे सासऱ्यांना बसल्या जागेवरून जहाज पाहता येईल.