खड्डा खणण्याआधी पाणी मुरतंय का ते बघा

छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीलगतच शोषखड्डा (पाणी जमिनीत मुरवणारा, खडी भरलेला खड्डा) करून त्यात सोडायचा, हा तुमचा बेत मला पटत नाही. पायाशी मुरलेलं पाणी ओल होऊन भिंतीत चढतं. खड्डा घरापासून निदान ३ मीटर लांब आणि उताराच्या बाजूला घ्या.

खड्डा किती मोठा हवा, याचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. २५ मिलिमीटर पडला तर अडीच हजार. पण खडी भरलेल्या खड्ड्यात पाण्याला जागा उरते जेमतेम ३०-४० टक्के. (मी हेच विसरलो होतो, पहिल्या पावसात अंगणाचं तळं झालं.)

आधी त्या जागी हातभर खोल खणून पाणी भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, ते धरू नका. पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि तासाभरात किती उतरलं ते मोजा. सकाळपर्यंत पाणी तिथंच दिसलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडा, टाकी बसवा.

खड्डा केलाच तर पाइप आणि खड्डा यांच्यामध्ये जाळी लावलेला गाळाचा चेंबर हवाच, नाहीतर पाचोळ्याने खड्डाच बुजणार. आणि ओसंडलेलं पाणी शेजाऱ्याच्या कुंपणाकडे जाणार नाही एवढं बघा.