मदत हवी आहे: दारालगतच्या भिंतीतल्या कपाटात चपला, छत्र्या, दप्तरं कशी बसवू?

नमस्कार. आम्ही ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुख्य दारातून आत आलं की डाव्या हाताला भिंतीतलं एक कपाट आहे, आधीच्या मालकांनी करून घेतलेलं. रुंदी ४ फूट, खोली २२ इंच, उंची ७ फूट, वर माळा. सध्या त्यात जुन्या गाद्या आणि बॅगा कोंबल्या आहेत.

आजवर चपलांचा स्टँड दाराबाहेर असायचा. आता सोसायटीने जिन्याजवळची सगळी जागा मोकळी करायला सांगितली आहे, आणि आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी हे मलाही पटतं. पण त्यामुळे पाच माणसांच्या चपला, दोन हेल्मेटं, मुलांची दप्तरं, क्रिकेटची किट, भाजीच्या कापडी पिशव्या, किल्ल्या हे सगळं आता हॉलमध्ये पसरतं. सकाळी पावणेसातला शाळेची व्हॅन येते आणि रोज एक मोजा सापडत नाही.

माझी खरी काळजी सासूबाईंची आहे. त्यांचे गुडघे दुखतात. बाहेर जाताना दाराची चौकट धरून, एका पायावर उभं राहून त्या चप्पल घालतात, आणि मला दरवेळी धास्ती वाटते. त्यांना तिथेच नीट बसता यावं असं मनापासून वाटतं.

अडचणी दोन. कपाटाच्या आत डाव्या भिंतीवर विजेचा एमसीबीचा डबा (बिघाड झाला की वीज तोडणारे खटके असतात तो) आहे. आणि मागची भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात तिला ओल येते. गेल्या वर्षी गाद्यांना बुरशी लागली, कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाही. अशा जागी ओले रेनकोट ठेवायचे तरी कसे? सुतार म्हणतो, साधं प्लाय लावू, वरून सनमायका, खाली बाहेर ओढायचं बाकडं करू. पटत नाही, पण का ते मला नीट सांगता येत नाही. कोणी असं काम करून घेतलंय का?

प्रतिसाद:
आमच्याकडे डोंबिवलीत तीन वर्षांपूर्वी जवळजवळ हेच केलं. सगळ्यात आधी भिंतीची ओल बाहेरून बंद करून घ्या, मगच सुताराला बोलवा. सनमायका फक्त पुढून दिसतो, मागून प्लाय ओल पीत राहतं आणि फुगतं. खालच्या भागाला तरी आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेलं मरीन प्लाय मागा, शिक्का स्वतः बघा. मागची फळी भिंतीला चिकटवू नका, इंचभर जागा सोडा. तळ जमिनीपासून ४ इंच उचला म्हणजे खालून पोछा फिरेल.

ओढायचं बाकडं करू नका. आजी कडेवर बसल्या की ते कलंडू शकतं किंवा सरकतं. उजवीकडचे अडीच फूट दार काढून मोकळे करा आणि तिथे १८ इंच उंचीचं पक्कं बाक करा. २२ इंच खोली बसायला जास्त होते, पाठीशी फळी देऊन १६-१७ करा. शेजारच्या भिंतीत धरायला स्टीलचा दांडा हवाच, उठताना त्याचाच आधार लागतो. बाकाखाली चपलांचे दोन खण होतील. डोक्याच्या वर हेल्मेटं.

ओलं काहीही एमसीबीच्या बाजूला नको. तो डबा काही न हलवता उघडता आला पाहिजे, म्हणून डावीकडे फक्त दप्तरं, तीही साडेतीन फुटांवरच्या हुकांना, म्हणजे मुलं स्वतः अडकवतील. दाराला झडपा ठेवा, हवा खेळेल. रेनकोट आधी बाल्कनीत निथळू द्या, ते पूर्ण वाळल्याशिवाय आत घेऊ नका.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार. दांड्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना आत्ताच खुर्चीवर बसवून मोजलं, १८ इंचांवर त्यांचे पाय पूर्ण टेकत नाहीत, १६ वर टेकतात, पण उठताना त्रास होतो. मग बाक १८चं ठेवून पायाखाली लहान पाट द्यावा का? की पाटाला अडखळण्याची भीती आहे? ज्यांच्या घरी गुडघेदुखीची माणसं आहेत त्यांनी जरूर सांगा, सुतार रविवारी मापं घ्यायला येतोय.