जड ट्रकला सुपरचार्जर: रूट्स, ट्विन स्क्रू की सेंट्रीफ्यूगल?

दगडी_चढ:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच. ट्रक म्हणजे मोठा पिकअप आहे, ५.३ लिटर पेट्रोल व्ही-८, कॉम्प्रेशन ९.५, चार गिअरचा ऑटोमॅटिक. रिकामा अडीच टनाच्या आसपास भरतो आणि मागे ट्रेलर लावला की साडेचार टनाच्या घरात जातो. रोज रस्त्यावर चालणारी गाडी आहे, रेसिंग वगैरे काही करायचं नाही. इंजिन आतून स्टॉक आहे आणि ते उघडायचं नाहीये.

त्रास असा की ट्रेलर घेऊन लांब चढ लागला की गिअर खाली पडतो, इंजिन ४००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) जाऊन ओरडत बसतं आणि तरी वेग उतरतच जातो. मला २००० ते ३५०० मध्ये जोर हवाय, टॉप स्पीडशी देणंघेणं नाही. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा बेल्टवरचा पंप, लावायचं पक्कं केलंय पण कुठला ते ठरत नाहीये. एक जण म्हणतो सेंट्रीफ्यूगल लाव, बसवायला सोपा आणि हवा थंड राहते. दुसरा म्हणतो जड गाडीला रूट्सशिवाय पर्याय नाही. तिसरा ट्विन स्क्रूचं नाव घेतो. पीक हॉर्सपॉवरचे आकडे बघितले तर तिन्ही सारखेच दिसतात, मग नेमका फरक पडतो कुठे? बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, ६-७ पीएसआयच्या वर न्यायचा नाही एवढं ठरलंय. ज्यांनी ओझं ओढणाऱ्या गाडीवर वापरलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

लोब_आणि_स्क्रू:

तू स्वतःच उत्तर देऊन टाकलंयस, २००० ते ३५०० म्हणालास तिथेच विषय अर्धा संपला. पीक आकडे बाजूला ठेव, ते सगळे लाल रेषेजवळचे, म्हणजे कमाल आरपीएमजवळचे असतात आणि तुझा ट्रक तिथे कधी जातच नाही.

सेंट्रीफ्यूगल म्हणजे टर्बोचाच कॉम्प्रेसर, फक्त बेल्टवर फिरवलेला. त्याचा बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने वाढतो. समज ५५०० ला ७ पीएसआय मिळावेत अशी पुली लावली, तर ३५०० ला पावणेतीनच्या आसपास आणि २५०० ला जेमतेम दीड पीएसआय. म्हणजे चढाला जिथे तुला जोर हवाय तिथे तो जवळपास झोपलेला. आता कोणी म्हणेल छोटी पुली लाव, खाली जास्त मिळेल, पण मग वर ५५०० ला बूस्ट १२-१३ वर जाईल आणि स्टॉक पिस्टन त्याचा हिशोब चुकता करतील.

रूट्स आणि ट्विन स्क्रू दोन्ही पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट, म्हणजे दर फेरीला ठरलेली लिटर हवा पुढे ढकलतात, आरपीएम कितीही असो. इंजिन २००० वर असताना पाय दाबला की बूस्ट तिथेच जवळपास पूर्ण मिळतो. सुपरचार्जर लावून कारखान्यातूनच बाहेर पडलेले मोठे ट्रक बघ: फोर्डचा १९९९ चा लाइटनिंग, ५.४ लिटरवर ईटन कंपनीचा रूट्स. रॅमचा टीआरएक्स, ६.२ लिटरवर २.४ लिटरचा ट्विन स्क्रू, ७०२ हॉर्सपॉवर. २०२३ चा रॅप्टर आर, ५.२ लिटरवर पुन्हा ईटनचा रूट्स. सगळे पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट. एवढं वजन जागचं हलवायचं तर टॉर्क खालूनच लागतो.

आता या दोघांतलं कुठलं. जुन्या रूट्सच्या आत हवा दाबली जातच नाही, तो नुसती वाहून नेतो. बाहेरचं तोंड उघडलं की मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातली) दाबाची हवा उलटी आत घुसते आणि तिथे दाब तयार होतो, त्यामुळे गरम जास्त करतो आणि आवाजही करतो. ट्विन स्क्रूचे रोटर एकमेकांत गुंततात तसा हवेचा कप्पा आतल्या आतच लहान होत जातो, म्हणून त्याच बूस्टला हवा कमी तापते. पण रूट्सही आता पूर्वीचा राहिलेला नाही. ईटनच्या टीव्हीएस या नव्या रूट्समध्ये रोटरला चार लोब (पाकळ्या) आहेत आणि १६० अंशांचा पीळ, जुन्या एम सिरीजमध्ये तीन लोब आणि ६० अंश होते. तुझ्यासारख्या ६-७ पीएसआयला टीव्हीएस आणि ट्विन स्क्रूमध्ये तापमानाचा फरक फारसा राहत नाही.

आणि एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. ट्रक निम्म्याहून जास्त वेळ हलक्या थ्रॉटलवर एका वेगाने चालतो. तेव्हा बायपास, म्हणजे हवा परत मागे वळवणारी झडप, उघडा असतो. रूट्स त्या वेळी नुसता हवा गोल फिरवत राहतो, जवळपास फुकट. ट्विन स्क्रू आत दाबत असल्यामुळे बायपास उघडा असला तरी थोडी मेहनत करतोच. रोजच्या गाडीत इंधनाला हे जाणवतं. म्हणून माझं मत टीव्हीएस प्रकारचा रूट्स, आणि तोही मोठा घेऊन हळू फिरवायचा.

हळू का, तेही सांगतो. तुझं इंजिन दर फेरीला २.६५ लिटर हवा ओढतं. २.३ लिटरचा ब्लोअर (सुपरचार्जरच) १.७ रेशोने, म्हणजे इंजिनाच्या १.७ पट वेगाने फिरवला तर तो ३.९ लिटर देतो, म्हणजे कागदावर ७ पीएसआयच्या आसपास. १.३ लिटरचा छोटा ब्लोअर ३ च्या रेशोने फिरवला तरी तेवढीच ३.९ लिटर. पण इंजिन ५५०० वर असताना मोठा फिरतो साडेनऊ हजाराच्या आत आणि छोटा साडेसोळा हजारावर. छोटा तापतो, बेअरिंग ओरडतात, बेल्टवर ताण येतो. छोटा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस.

वाऱ्याची_चाक:

वरचं बहुतेक पटतंय पण सेंट्रीफ्यूगलची बाजू कोणीतरी मांडायला हवी, माझ्या ट्रकवर तोच आहे आणि मी खूश आहे.

सगळ्यात आधी गिअरबॉक्स. दगडी_चढ, तुझा चार गिअरचा ऑटोमॅटिक स्टॉक टॉर्कसाठी बनलाय. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट लावलास की २००० आरपीएमला, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा) लॉक असताना आणि मागे दोन टन असताना, एकदम टॉर्क येणार. क्लच प्लेटा तिथेच घसरतात. सेंट्रीफ्यूगल हळूहळू वाढतो म्हणून खालच्या आरपीएमला गिअरबॉक्स आणि पिस्टन दोघांनाही सांभाळून घेतो. दुसरं, तो इंजिनच्या बाजूला बसतो, इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागत नाही, काही बिघडलं तर सहज उतरतो. तिसरं, कॉम्प्रेसर म्हणून त्याची एफिशियन्सी चांगली असते आणि हवा नळीतून पुढच्या एअर-टू-एअर इंटरकूलरला (दाबलेली हवा बाहेरच्या हवेने थंड करणाऱ्या रेडिएटरला) नेता येते.

फक्त मी चढाला खालचा गिअर स्वतः धरून ठेवतो आणि इंजिन ४५०० वर ठेवतो. ज्याला ते चालतं त्याला हा चालतो. तुला इंजिन ओरडलेलं नकोय असं लिहिलंयस म्हणून तुझ्यासाठी हाच लाव असं म्हणणार नाही, पण गिअरबॉक्सचा मुद्दा सोडू नकोस.

नॉक_ऐकणारी:

दोघांचं वाचलं. मला वाटतं प्रकार हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न उष्णता. जड गाडीत सगळं शेवटी तिथेच येऊन अडतं.

हिशोब बघा. २७ डिग्रीची हवा दीडपट दाबली तर कॉम्प्रेसर आदर्श असला तरी ती ३७ डिग्रीने तापते. ७५ टक्के एफिशियन्सी धरली तर ४९ ने, ६० टक्के धरली तर ६१ ने. म्हणजे इंटरकूलर नसेल तर हवा ७५ ते ९० डिग्रीला आत जाणार, आणि ही बॉनेटखालची गरमी न धरता. हलकी गाडी दहा सेकंद पाय दाबते आणि सोडते. ट्रेलरवाला ट्रक चढाला दहा-दहा मिनिटं बूस्टमध्ये राहतो. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून बसणारे दणके, तिथे होतं, गल्लीत टेस्ट मारताना नाही.

रूट्ससोबत बहुतेक वेळा पाण्याचा इंटरकूलर येतो, कोअर मॅनिफोल्डमध्ये आणि रेडिएटरसमोर एक वेगळा छोटा रेडिएटर, स्वतःचा पंप. त्यातलं पाणी सुरुवातीला बरीच उष्णता पिऊन घेतं म्हणून पहिली मिनिट-दोन मिनिटं तापमान छान दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. नंतर पाणीच तापलं की पुढचा रेडिएटर जेवढी उष्णता बाहेर टाकेल तेवढंच थंड होणार. किटसोबत येणारा पुढचा रेडिएटर बऱ्याचदा रिकाम्या गाडीच्या हिशोबाचा असतो. जागा मावेल तेवढा मोठा लाव. आमच्या ट्रकवर फक्त तो मोठा केला आणि पंप बदलला, तर त्याच चढाला इनटेकचं तापमान ८० च्या पुढे जायचं ते ६० च्या आत राहायला लागलं, बूस्ट तोच, पुली तीच. वाऱ्याची_चाक यांचा एअर-टू-एअर चांगलाच आहे पण तो मुख्य रेडिएटरची हवा अडवतो, ओझं असताना कूलंटचा काटाही बघत राहावा लागतो.

स्टॉक इंजिनवर रिंगची गॅप बूस्टसाठी ठेवलेली नसते. उष्णता वाढली की रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तुटते. म्हणून ६-७ वर थांबायचा तुझा निर्णय मला आवडला, त्यावरून कोणी हलवलं तरी हलू नकोस. चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल कायम, प्लग एक नंबर थंड, गॅप थोडी कमी. बूस्टमध्ये मिक्श्चर एक भाग पेट्रोलला साडेअकरा ते पावणेबारा भाग हवा, आणि ते दाखवणारा वाइडबँड गेज डोळ्यासमोर हवाच. इंजेक्टर बदलावे लागतील: ४०० हॉर्सपॉवर धरले तर ८५ टक्के ड्यूटीला (इतका वेळ उघडे राहून) प्रत्येकी ३६०-३७० सीसी प्रति मिनिट लागतात, स्टॉक बहुतेक पुरणार नाहीत. पंपाचा दाब पूर्ण बूस्टमध्ये टिकतोय का तेही बघ. आणि ट्यूनिंग करणाऱ्याला ट्रेलर लावूनच गाडी दाखव. रिकाम्या गाडीवर केलेलं स्पार्कचं टायमिंग ओझ्याखाली चालेलच असं नाही.

गिअरबॉक्सचं म्हणशील तर त्याचा ऑइल कूलर आधी लाव, सुपरचार्जर नंतर. तापमानाचा गेजसुद्धा. शिफ्टच्या वेळी टॉर्क कमी करायची सोय ट्यूनमध्ये असते, ती वापरायला सांग. ब्रेक कसे आहेत? चढून गेल्यावर उतरायचंही असतं, ते कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते.

दगडी_चढ:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ब्रेक गेल्या वर्षी पुढचे मोठे केलेत आणि ट्रेलरला स्वतःचे आहेत.

वाचून झाल्यावर ट्रेलर लावून नेहमीच्या चढाला लॉगिंग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) केलं. बहुतेक वेळ २२०० ते ३२०० मध्येच जातो, ४००० च्या वर फक्त गिअर पडला की. म्हणजे सेंट्रीफ्यूगल माझ्यासाठी नाही हे आता आकड्यांतच दिसतंय, वाऱ्याची_चाक यांनी प्रामाणिकपणे सांगितलं ते फार आवडलं. गिअरबॉक्सचा ऑइल कूलर ऑर्डर केलाय. २.३ लिटरचा टीव्हीएस आणि पुढे मोठा रेडिएटर असं नक्की करतोय.

शेवटचं एक, बेल्टचं. किटमध्ये ६ रिबचा (लांबीभर ६ धारा असलेला) बेल्ट आहे, त्याच बेल्टवर एसी, अल्टरनेटर सगळं. ८ रिबचा वेगळा ड्राइव्ह घ्यायला पाहिजे का?

लोब_आणि_स्क्रू:

पूर्ण थ्रॉटलला तीसेक हॉर्सपॉवर त्या बेल्टमधूनच ब्लोअरला जातात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मोठा ब्लोअर हळू फिरवतोयस म्हणून पुली मोठी राहील आणि पकड चांगली मिळेल, त्या बाबतीत तू आधीच सुरक्षित बाजूला आहेस. ७ पीएसआयला ६ रिब चालून जाईल, अट एवढीच की बेल्ट ब्लोअरच्या पुलीला निदान अर्धा वेढा तरी घालत असला पाहिजे. कमी वाटलं तर आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) सरकवून वेढा वाढव, ८ रिबच्या आधी हे कर.

घसरतोय का ते कळायला सोपं आहे. लॉगमध्ये आरपीएम वाढताना बूस्ट वाढायचा थांबून खाली यायला लागला, आणि बॉनेट उघडल्यावर पुलीभोवती काळी बारीक भुकटी दिसली, बेल्टच्या रिब काचेसारख्या चमकायला लागल्या, की समज घसरतोय. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा ताणला जातो, तेव्हा टेन्शनर त्याच्या खुणेच्या आत आहे ना ते तपास. आणि किटमध्ये आलेल्या पुल्यांपैकी सगळ्यात मोठी आधी लाव, म्हणजे ५ च्या आसपास बूस्ट येईल. त्यावर ट्रेलर घेऊन तोच चढ चढ, इनटेकचं तापमान आणि नॉक रिटार्ड (नॉकमुळे स्पार्कचं टायमिंग किती मागे घेतलं गेलं) लॉग कर आणि इथे टाक. ते बघून मग पुढच्या पुलीचं ठरवू.